कोडोलीच्या बापूंचं गॅरेज : आधी तपासणी, मग पार्ट

साताऱ्यात राहून स्पोर्ट्स कार ठेवली की सल्ला एकच मिळतो: डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला की गाडी पुण्याला न्या. मी हा सल्ला यापुढे कुणाला देणार नाही. निदान एमआयडीसीतल्या बापूंना दाखवल्याशिवाय तरी नाहीच. बापू म्हणजे गॅरेजचे मालक, हेडमिस्त्री आणि कॅशियर, सगळं तेच. गॅरेजला नाव आहे, बोर्डही आहे. पण "नाव टाकू नका डॉक्टर, हितं आदीच गाड्या लावाय जागा न्हाय" असं त्यांनी बजावलंय, म्हणून टाकत नाही. कोडोलीकडून एमआयडीसीत शिरलात की 'स्कोडावाले बापू' विचारा, कुणीही हात करून दाखवेल.

माझी गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीतली, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॉडेल २०१२ चं. पश्चिम घाट आणि त्यात आपलं कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेही २०१२ सालीच, म्हणून घरात तिला 'वारसा' म्हणतात. डागडुजीचा खर्च बघता नाव शोभतं, असं नवऱ्याचं मत. घेतली सेकंडहँड. मी दातांची डॉक्टर आहे, दिवसभर एका इंचाच्या जागेत वाकून काम करते, त्यामुळे संध्याकाळी पाय मोकळा सोडायला मला ही गाडी लागते. यावर कुणाला हसायचं तर हसा.

तर झालं असं. गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकायला लागलं. चढाला झटके, पिकअप गायब. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. काचेची केबिन, एसी, कॉफीचं मशीन, सगळं होतं. त्यांनी ठिणगी पाडणारे चारही स्पार्क प्लग आणि त्यांना उच्च दाबाची वीज देणाऱ्या चारही इग्निशन कॉइल नव्या टाकल्या. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, ती थेट प्लगवर बसते, मधे वायर नाही. त्यामुळे चार प्लग, चार कॉइल. जुन्या झाल्या होत्याच, बदलल्या याबद्दल माझी तक्रार नाही. शहरात गाडी लोण्यासारखी चालली. खंबाटकीचा घाट चढताना एका कंटेनरला मागे टाकायला पाय दाबला आणि धाड धाड असे झटके. इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं, पाठोपाठ ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक पॉवर कंट्रोलचा दिवा.

दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्थिर दिवा म्हणजे काहीतरी नोंदलं गेलंय, सवडीने दाखवा. लुकलुकणारा म्हणजे आत्ता, या क्षणी पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे चाललंय. ते पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी तापून वितळू शकते, आणि ऑडीच्या कन्व्हर्टरची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून लुकलुकलं की पाय काढायचा, ताण द्यायचा नाही. मी तसंच केलं. दिवा स्थिर झाला आणि हळूहळू घर गाठलं.

वर्कशॉपला फोन केला तर सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडी न बघताच निदान केलं. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) गेला असणार, एक गेला की चारही बदललेले बरे, आणि त्यानेही नाही भागलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. फ्लॅटबेडवर घालून पाठवा. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर एस्टिमेट. रकमेत एक बरी सेकंडहँड अल्टो आली असती.

मामेभावाकडे तो निळा, काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर आहे, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावतात आणि मोबाइलवर कोड दिसतो. त्याच्यावर पी०३०३ आणि पी०३०० असे दोन कोड आले. पहिला म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, दुसरा म्हणजे इकडे तिकडे मिसफायर. या स्कॅनरबद्दल माझं मत: घेऊन ठेवा, पाचशे-सातशेत कोड कळतो हे वाईट नाही. फक्त त्यातलं 'क्लिअर' चं बटण दाबू नका. भावाचं बोट तिकडे गेलंच होतं, वेळेवर धरलं. का ते पुढे येईल.

बापूंकडे गेले ते आमच्या कंपाउंडरच्या ओळखीने. बापू साठी ओलांडलेले. साताऱ्यात जिथे प्रिया स्कूटर बनायची त्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये उमेदीची वर्षं काढलेली. नंतर स्वतःचं गॅरेज, आणि कारखान्यांच्या चेअरमन मंडळींच्या सुपर्ब आणि लॉरा करता करता फोक्सवॅगन घराण्याच्या पेट्रोल इंजिनांवर हात बसला. माझ्या टीटीचं इंजिन त्याच घराण्यातलं. बॉनेट उघडल्यावर ते म्हणाले, "अंग निराळं, काळीज तेच हाय."

दिवा कसला, कोड काय, हे त्यांनी आधी विचारलंच नाही. पहिला प्रश्न: "हिला शेवटचा हात कुणाचा लागला? काय काय बदललं?" दुसरा: "जुनं सामान कुठाय?" जुने प्लग-कॉइल वर्कशॉपने दिले नव्हते. बापूंनी नुसतं 'हं' केलं. आणि हे सगळं ते माझ्याशी बोलत होते. सोबत भाऊ उभा होता, तरी माझ्याशी. इतर ठिकाणी गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि मिस्त्री बोलतो सोबतच्या पुरुषाशी. मी एकटी गेले तर म्हणतो, "साहेबांना पाठवा." या एका गोष्टीसाठीच मी अर्धा स्टार जास्त देईन.

मग लॅपटॉप. बापूंकडे व्हीसीडीएस आहे, या गाड्यांचं खास सॉफ्टवेअर. कोड तेच आले, पण सोबत कोड पडला त्या क्षणाची नोंदही आली: इंजिन नव्वद अंशांच्या वर तापलेलं, तीन हजारांच्या आसपास आरपीएम, लोड भरपूर. बापूंनी हे सगळं लाल रेघांच्या वहीत उतरवून घेतलं. क्लिअर केलं की ही नोंद पुसली जाते. भावाने तेव्हा बटण दाबलं असतं तर हा सगळ्यात मोठा पुरावा गेला असता.

त्या नोंदीवरूनच त्यांनी एक शक्यता बाजूला ठेवली. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, ते धुतले जात नाहीत आणि काळांतराने कार्बन धरतात. त्यानेही मिसिंग येतं, पण बहुतेक सकाळी, थंड इंजिनाला. आपली गाडी गरम झाल्यावर, चढाला, जोर मागितला की खोकते. "म्हंजे ते न्हाय. ठिणगीकडंच बगाय पायजे."

इंजिनावरचं काळं कव्हर काढल्यावर पहिली गोष्ट सापडली. कॉइलला वरून प्लास्टिकचा कनेक्टर लागतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन त्याचं लॉक ठिसूळ होतं आणि नीट न दाबता ओढलं की मोडतं. तिसऱ्या नंबरचं लॉक मोडलेलं होतं आणि त्याला पांढरा केबल टाय आवळला होता. बापूंनी तो टाय बोटाने हलवून दाखवला. "मोडलंय हे त्यांला ठावं हुतं बगा. न्हाय तर टाय कशाला मारतील?" एसी केबिनमध्ये याबद्दल मला एक अक्षर बोललं गेलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, सापडलं. भावालाही वाटलं. बापूंनी कनेक्टरचं नवं घर बसवलं, पिना जुन्याच ठेवून, कोड पुसला आणि म्हणाले, "चला, यवतेश्वर." एका जागी उभ्या गाडीवर ते निकाल देत नाहीत.

टीटीत मागे नावापुरती सीट आहे, तिथे पिशवी बसते, माणूस नाही. त्यामुळे मी चालवायला आणि बापू शेजारी, गुडघे छातीशी, मांडीवर लॅपटॉप. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट लागला. रविवारी किंवा फुलांच्या दिवसांत हा प्रयोग करायला जाऊ नका, कासच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमधून बाहेर येत नाही. आम्ही आडवारी सकाळी गेलो. बापू म्हणाले, गिअर हाताने चौथ्यात ठेवा, आरपीएम कमी असतानाच पाय पूर्ण द्या. टर्बो भरला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबली गेली, आणि दुसऱ्या वळणाआधीच तोच झटका, तोच पिवळा दिवा.

मला रडू यायचं बाकी होतं. बापू खूश. "आली. आता ती सापडती."

इथे मला पहिल्यांदा नीट समजलं की हा दिवा पेटतो कशावरून. ईसीयूला ठिणगी दिसत नाही. क्रँकशाफ्टच्या चाकाचे दात एक सेन्सर मोजत असतो. सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते, वेग किंचित वाढतो. ज्याच्या पाळीला ढकल आली नाही त्याच्या नावावर एक मिसफायर लिहिला जातो, आणि आकडा वाढत गेला की कोड पडतो. म्हणजे पी०३०३ एवढंच सांगतो की तीन नंबरने काम केलं नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, कुठून तरी खेचली जाणारी हवा, यातलं काय, ते कोडच्या पोटात नसतं. फोनवर इंजेक्टर सांगणाऱ्याने हा कोडच वाचला होता, त्यापुढे काही नाही.

व्हीसीडीएसमध्ये १५ नंबरच्या ब्लॉकला एक, दोन आणि तीन नंबर सिलिंडरचे मिसफायर एका ओळीत दिसतात. चौथ्याचा आकडा पुढच्या ब्लॉकला. म्हणून बापूंनी चौथ्याला हातच लावला नाही, सगळी अदलाबदल पहिल्या तिघांत केली, म्हणजे चालत्या गाडीत एकाच स्क्रीनवर सगळं दिसतं. घाटातच एका रुंद जागी गाडी घेतली आणि एक नंबरची कॉइल तीनला, तीनची एकला लावली. परत चढ. आकडे पडले ते तीन नंबरवरच. म्हणजे कॉइल निर्दोष, असं मी म्हणाले. बापूंनी चष्मा कपाळावर घेतला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. तीन नंबरवर आकडा भराभर वाढत होता, पण एक नंबरवरही दोन-चार पडले होते. आधी तिथे शून्य होतं. "ह्ये ध्यानात ठेवा," एवढंच बोलले.

आता प्लगची पाळी. पण तापल्या इंजिनातून प्लग काढायचा नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे सोबत निघून येतात. गॅरेजवर परतलो, बॉनेट उघडून गाडी थंड व्हायला ठेवली. मी दवाखान्यात जाऊन दोन पेशंट केले. संध्याकाळी तीनचा प्लग दोनला, दोनचा तीनला, आणि पुन्हा यवतेश्वर. मिसफायर उठून दोन नंबरवर गेले. तीन नंबर कोरा. प्लगच्या मागे दुखणं गेलं म्हणजे दुखणं प्लगचंच.

आणि तो प्लग नवा होता. नुसता बघितला तर काही कळत नव्हतं. पांढऱ्या पोर्सेलिनवर, लोखंडी षटकोनाच्या लगत, तपकिरी कडं होतं. बापू म्हणाले, ते सगळ्यांवर येतं, उच्च दाबाच्या विजेमुळे, त्याला दोष धरू नका. मी पर्समधून माझं भिंग आणि हेडलाइट काढला. माझं पोट पोर्सेलिनवरच चालतं. प्लग तिरका धरून उजेड आडवा टाकला, तशी दिसली: कड्यातून निघून वर टोकाकडे गेलेली, शिसपेन्सिलने ओढावी इतकी बारीक, काळी रेघ. पेट्रोलच्या फडक्याने पुसली, गेली नाही. नखाला लागत नव्हती. बापूंनी माझ्या हातातून भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मग कॉइलचं प्लगवर चढणारं रबर उलटं करून आत उजेड मारला. त्या रबरातही, बरोबर समोर, तशीच करडी रेघ उमटली होती.

तिथे एक नंबरवरच्या दोन-चार आकड्यांचा उलगडा झाला. प्लग आवळताना गोटी (पान्याचं प्लगवर बसणारं तोंड) तिरकी पडली की पोर्सेलिनला केसाएवढी चीर जाते. गाडी निवांत चालत असते तोवर ठिणगी आपल्या जागी पडते. टर्बो भरला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि वीज सोपी वाट शोधते: चिरेतून बाहेर, रबराला धरून, थेट हेडवर. जाताना कार्बनची रेघ सोडते. ती रेघ रबरातही बसते. तेच रबर दुसऱ्या प्लगवर गेलं की तिथेही थोडी गळती सुरू, आणि म्हणूनच तीनची कॉइल एक नंबरवर गेल्यावर तिथे आकडे पडले. चिरलेल्या दाताचं असंच असतं. एक्सरेत स्वच्छ, चहा-पाण्याला गप्प, आणि भाकरीचा कडक तुकडा त्याच्यावर आला की माणूस खुर्चीतून उठतो. पेशंटला मी रोज हे समजावते, त्यामुळे बापूंचं म्हणणं मला एका वाक्यात पटलं.

नुसता प्लग बदलून भागलं नसतं, त्या कॉइलच्या रबराने नवा प्लगही खाल्ला असता. म्हणून एक प्लग आणि एक कॉइल. दोन्ही पुण्याहून एसटीच्या पार्सलने आलं. प्लग बसवताना बापूंनी आधी हाताने आटे धरवले, मग गोटी सरळ ठेवून टॉर्कच्या पान्याने ३० न्यूटन मीटरला 'टक' ऐकलं आणि सोडलं. बाकीचे तिन्ही प्लग काढून माझ्याच भिंगाखाली तपासले. ते ठीक होते, परत तेच बसवले. वर्कशॉपने चारही इंजेक्टर सांगितले होते, आणि ते काढायचे तर या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, सीलं नवी घालावी लागतात. त्या सगळ्याला हात लागला नाही.

बिल वहीच्या पानावर, खाली शिक्का: तपासणी १,५०० रुपये, कनेक्टर ३५०, प्लग ९००, कॉइल ३,४००, मजुरी ८००. एकूण ६,९५०. तपासणीचे दीड हजार काहींना जास्त वाटतील. गॅरेजमध्ये माझ्यासमोरच एका गृहस्थांनी "नुसतं बघायचे पैसे?" म्हणून वाद घातला. माझ्याकडेही लोक असंच म्हणतात, त्यामुळे माझी बाजू कुठली ते सांगायला नको. बापूंनी त्यांना शांतपणे उत्तर दिलं: "बगायचंच घेतो. बदलायचं तर कुणीबी बदलतंय." पुण्याच्या वर्कशॉपला फोटो पाठवले. बाहेर उघडलेल्या कामाची वॉरंटी नसते, असं उत्तर आलं. तो विषय मी तिथेच सोडला.

त्यानंतर दिवा आला नाही. पाऊस, धुकं, खंबाटकी, सगळ्यातून गेली आहे. एक लक्षात ठेवा, दुरुस्ती झाल्यावर कोड पुसलाच पाहिजे असं नाही. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन फेऱ्या स्वच्छ झाल्या की दिवा आपोआप विझतो, जुनी नोंद मात्र आत बरेच दिवस राहते. कुणी सेकंडहँड गाडी विकताना 'दिवा नाही, काही नाही' म्हणाला तर आतली नोंद बघूनच घ्या.

आता तक्रारी. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय बांधलेला. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, शेजारच्या युनिटमध्ये विनंती करावी लागते. बापू, यावर खरंच काहीतरी करा. दारातल्या गटारीवरचा चढ बोलेरोच्या हिशोबाने बांधलाय, टीटीचं नाक घासतं. पोरगं धावत येऊन लाकडी फळ्या टाकतं, पण ते जागेवर असेल तर. दिलेली वेळ पाळली जात नाही, संध्याकाळ म्हणजे उद्या दुपार असं धरून चाला. वहीच्या पानाऐवजी छापील बिल मिळालं तर गाडी विकताना उपयोग होईल, हे मी त्यांना सांगितलंय, मान हलवली. एअरबॅग आणि डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स ते उघडत नाहीत, तसं आधीच सांगतात आणि कुणाकडे जायचं तेही सांगतात.

पाचपैकी साडेचार. सोमवारी बंद. फोन ते उचलत नाहीत, सकाळी साडेनऊच्या आत प्रत्यक्षच जा. आणि कॉइल-प्लगचं काम दुसरीकडे करून घेतलं असेल तर जुनं सामान मागून सोबत न्या. ते पहिल्यांदा तेच विचारतील.